धुळाक्षरांपासून रंगखडूपर्यंत : बालवाडीतील अक्षरओळखीविषयी

जून महिन्यात शाळेच्या आवारातील बालवाडीचे प्रवेश सुरू झाले, की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "लिहायला कधी शिकवणार?" मूल तीन वर्षांचे असते, आईचा पदर सोडायला तयार नसते, तरी विचारणाऱ्याच्या पिशवीत दुरेघी वही आणि पेन्सिल तयार असते. ऑगस्ट उजाडतो, वहीत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतची पाने भरलेली दिसत नाहीत आणि कुरकुर सुरू होते. शेजारच्या गल्लीतील इंग्रजी शाळेतले मूल वही भरून आणते आणि आपले मूल हाताला रंग लावून येते, ही तक्रार जळगावात जितकी ऐकू येते तितकीच धुळ्यातही. स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, असे आम्हाला वाटले. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. त्यामुळे उत्तर थोडे मागून सुरू होईल. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

पालकांच्या या घाईला आम्ही हसत नाही. ज्या घरात अक्षर दोन-तीन पिढ्यांपूर्वीच आले, त्या घराला त्याचे मोल अधिक कळते. जातककथांमध्ये कटाहकाची एक कथा आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या घरी दासीच्या पोटी जन्मलेला हा मुलगा. श्रेष्ठीचा पुत्र लिहायला शिकू लागला, तेव्हा त्याची लिहिण्याची फळी वाहून नेण्याचे काम कटाहकाकडे आले आणि फळी वाहता वाहता तो स्वतःच लिहायला शिकला. पुढे त्याच अक्षराच्या बळावर त्याने मालकाच्या नावाने खोटे पत्र तयार केले, दूरच्या गावी श्रेष्ठीपुत्र म्हणून मिरवला, वगैरे. कथेचा रोख त्याच्या बढाईखोरपणावर आहे. आमचे लक्ष मात्र दर वेळी त्या फळीपाशीच अडते. त्याला कोणी शिकवले नव्हते. अक्षर त्याच्या हातात होते, पण ते दुसऱ्यासाठी वाहायचे ओझे म्हणून.

तेथून १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडेपर्यंत किती काळ लोटला, आणि त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मातंग समाजातील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आम्हाला आठवण द्यायची आहे ती मार्च १९२७ मधील एका भाषणाची. मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राथमिक शिक्षणाचे प्रयोजन सांगितले : शाळेत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि पुढे जन्मभर साक्षर राहावे. त्यास जोडून त्यांनी हिशेबही मांडला. शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी १८ मुलेच चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. या मांडणीत दोन गोष्टी आहेत, साक्षर होणे आणि साक्षर राहणे. पालक विचारतात तो प्रश्न पहिल्या गोष्टीचा आहे. बालवाडीतील शिक्षिकेने दुसऱ्या गोष्टीचीही काळजी वाहायची असते. जे अक्षर ऑगस्टमध्ये वहीत उमटते आणि दिवाळीच्या सुटीत पुसले जाते, त्याने वहीचे पान तेवढे भरते.

'खेळातून शिक्षण' हे शब्द ऐकले की आपल्या समाजातील जाणती माणसे सावध होतात, आणि ते योग्यच आहे. ज्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्या घरचे मूल शाळेत नुसते खेळले तरी अक्षर त्याला घरी गाठतेच. आपल्या वस्तीतील मुलाला ते शाळेत भेटले नाही तर कुठे भेटणार? 'त्यांच्या मुलांना शिकवायचे आणि आमच्यांना खेळवायचे' ही शंका पोटात ठेवून कोणी आमच्याकडे येत असेल, तर आम्ही तिचा आदर करतो. म्हणून स्पष्ट सांगतो : आपल्या बालवाडीत अक्षर शिकवले जाते. ते कोणत्या वाटेने शिकवले जाते, एवढेच समजावून घ्यायचे आहे.

गिरवणे हा प्रकार नवा नाही. पंतोजींच्या गावशाळेत धूळपाटी असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, मोडायचे, पुन्हा काढायचे. त्यावरूनच 'धुळाक्षरे' हा शब्द आला. पंतोजी वर एक वळणदार ओळ घालून देत आणि विद्यार्थी ती गिरवत, तो कित्ता. दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकून चालण्याला आपण आजही 'कित्ता गिरवणे' म्हणतो, यातच गिरवण्याची ताकद आणि मर्यादा या दोन्ही आल्या.

आरंभाला आपण सरसकट 'श्रीगणेशा' म्हणतो. पण मराठीत 'ओनामा' हाही शब्द आहे आणि त्याचा इतिहास अधिक रंजक आहे. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचे मुलांच्या तोंडी 'ओनामासिधं' झाले. त्यातील 'सिद्धम्' फार जुने. नाशिकच्या पांडवलेण्यांतील काही दानलेखांचा आरंभ याच शब्दाने होतो. इ. स. ६७१ मध्ये भारताकडे निघालेला चिनी भिक्खू इत्सिंग याने लिहून ठेवले आहे, की येथील मुले सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाची वर्णमालेची पहिली पोथी हाती घेतात आणि सहा महिन्यांत पुरी करतात. जपानमधील शिंगोन पंथाच्या विहारांत जपलेली भारतीय लिपी आजही 'सिद्धम्' याच नावाने ओळखली जाते. मूल सहा वर्षांचे आणि अभ्यास सहा महिन्यांचा, हे प्रमाण आमच्या पालकांनी ध्यानात घ्यावे. तिसऱ्या वर्षी सुरू करून तीन वर्षे रडवत जे साधायचे, ते योग्य वेळी सहा महिन्यांत साधत असे.

'ललितविस्तर' या ग्रंथात बालक सिद्धार्थाच्या लिपिशाळेचे एक प्रकरण आहे. तेथे तो आचार्यांना चौसष्ट लिपींची नावे विचारतो, हा भाग चमत्काराचा म्हणून सोडून देऊ. पुढचा भाग शिक्षकांनी वाचावा असा आहे. मुले एकेक अक्षर म्हणू लागतात आणि प्रत्येक अक्षरातून त्या अक्षराने सुरू होणारे एकेक वचन उमटते, 'अ'मधून अनित्यतेचे. 'अ अननसाचा' या पद्धतीचे इतके जुने रूप आम्हाला अन्यत्र आढळलेले नाही. अक्षर एकटे येत नाही, शब्दाचे बोट धरून येते, एवढे त्या ग्रंथकर्त्यालाही माहीत होते.

आता लेण्यांकडे वळू. जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर. आपल्या वरच्या वर्गांची सहल तेथे जाते तेव्हा आम्ही दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवरील ब्राह्मी लेख मुलांना दाखवतो. वासिष्ठीपुत्र कटहादी नावाच्या दात्याने लेण्याचे मुख दान दिले, एवढाच त्याचा मजकूर. वय दोन हजार वर्षांहून अधिक. त्यातील 'क' म्हणजे बेरजेचे चिन्ह. 'ठ' म्हणजे वर्तुळ. 'ट' म्हणजे अर्धवर्तुळ. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये या लिपीचा उलगडा पूर्ण केल्यानंतर जो तक्ता तयार झाला तो पाहिला, तर आणखी गंमत दिसते. अशोककालीन ब्राह्मीत 'र' ही जवळजवळ नुसती उभी रेघ आहे, 'ग' घराच्या छपरासारखा, 'ब' चौकोन, 'थ' म्हणजे वर्तुळात ठिपका आणि 'ए' म्हणजे त्रिकोण.

बालवाडीतील ताईंना हा तक्ता दाखवला की त्या लगेच म्हणतात, "ही तर आमच्या मुलांची चित्रे!" आणि ते खरे आहे. लहान मूल कागदावर आधी उभी रेघ ओढू शकते, मग आडवी. वर्तुळ त्याला तीन वर्षांच्या सुमारास नीट मिटवता येते, बेरजेचे चिन्ह चारच्या सुमारास, चौकोन चार-पाचच्या दरम्यान आणि त्रिकोण त्यानंतर. बालविकासाचे अभ्यासक सांगतात तो हा क्रम आहे आणि जगभरच्या मुलांत तो थोड्याफार फरकाने सारखाच आढळतो. ब्राह्मी लिपी मुलांसाठी घडवली गेली, असा सिद्धान्त आम्ही मांडत नाही. तसा पुरावा नाही. पण दगडावर छिन्नीने कोरणाऱ्याला जे आकार सोपे, ते खडू धरणाऱ्या चार वर्षांच्या हातालाही सोपे, इतके निश्चित.

पुढे शतकानुशतके लेखणी, शाई, भूर्जपत्र आणि कागद यांनी त्या आकारांना वळणे दिली. आजचा 'क' काढायचा तर डावीकडे पोट, मधोमध दांडा, उजवीकडे खाली उतरणारी कमान आणि वर शिरोरेषा, इतकी कामे एका अक्षरात करावी लागतात. अशोकाच्या काळी दोन रेघांत होणारे काम आपण आज चार हालचालींत करतो आणि ते तीन वर्षांच्या मुलाकडून मागतो. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात, एकेक करून हाडाची होतात आणि शेवटचे हाड तयार होईपर्यंत मूल आठ ते बारा वर्षांचे झालेले असते. ज्याचा हात अजून घडतो आहे, त्याच्या हाती टोकदार पेन्सिल देऊन दोन रेघांच्या मधोमध अक्षर बसवायला लावणे म्हणजे काय, हे जाणत्यांनी मनात आणून पाहावे. मूल पेन्सिल मुठीत आवळते, कागद फाटतो, अंगठा दुखतो. मग ते लिहायचे टाळू लागते, आणि आपण म्हणतो, याला अभ्यासाची आवड नाही.

यावर मार्ग शोधणाऱ्यांत मारिया माँटेसरींचे नाव घ्यावेच लागते. रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत १९०७ साली त्यांनी पहिले बालगृह सुरू केले, हे श्रीमंतांच्या माँटेसरी शाळांची पाटी वाचताना आपण विसरतो. खरकागदाची अक्षरे पाटीवर चिकटवायची आणि मुलाने उच्चार करत त्यावरून बोट फिरवायचे, ही त्यांची पद्धत. धूळपाटीची ही सख्खी बहीणच म्हणायची. फरक एवढाच, की इथे बोलणे आणि बोट एकाच वेळी चालते. दुसरे साधन धातूच्या चौकटींचे : आकाराची कड गिरवायची आणि आतला भाग रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी भरायचा. आज बाजारात जी 'गिरवा आणि रंगवा' पुस्तके मिळतात, त्यांच्याशी याचे साम्य दिसते. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, पण त्यांचे विचार आधीच पोहोचले होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचार त्यांचा. महागडी लाकडी साधने परवडत नाहीत म्हणून बिया, पाने, शंख-शिंपले, माती यांतून त्यांनी साधने घडवली. आमच्या बालवाडीने उचलला तो हा धडा.

आपल्याकडे नदीची वाळू आहे, कापूस आहे, चिंचोके आहेत. पसरट ट्रेमध्ये चाळलेली वाळू घालून मूल त्यात बोटाने रेघा, वर्तुळे, बेरजेची चिन्हे काढते. पहिले काही महिने अक्षराचे नावही काढले जात नाही. मग ताई जमिनीवर खडूने मोठा 'ग' काढते आणि मुले त्यावरून चालतात. त्यावर चिंचोके मांडतात. भिजवलेल्या मातीच्या वळ्या करून तोच 'ग' घडवतात. मग भिंतीचा फळा. आमच्या बालवाडीत चारही भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत काळा रंग दिलेला आहे. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला बाकीची मुले धावली, हा प्रसंग चरित्रांत आहे. आपल्या बालवाडीतील फळा म्हणूनच प्रत्येक मुलाच्या हाताच्या उंचीवर असावा, असा संस्थाचालकांचा आग्रह होता. उभ्या भिंतीवर लिहिताना खांदा आणि कोपर मोकळे राहतात, मनगट आपोआप नीट वळते, हा त्याचा आणखी एक लाभ.

गिरवण्याविषयी आमचे मत थोडे कठोर आहे. ठिपक्यांची अक्षरे जोडण्याच्या पुस्तकांवर पालकांचा फार विश्वास. पण ती भरताना मुलाकडे लक्ष देऊन पाहावे. 'म' जोडताना ते खालच्या टोकापासून सुरुवात करते, शिरोरेषा आधी ओढते, मध्येच हात उचलून पलीकडचा ठिपका गाठते. पान सुरेख दिसते. पण अक्षर कोठे सुरू होते आणि हात कोणत्या दिशेने जातो, हे त्याला कळलेलेच नसते. देवनागरीत आधी अक्षराचे अंग, मग दांडा, शेवटी डावीकडून उजवीकडे शिरोरेषा, हा क्रम हाताला लागला तरच पुढे लेखनाला वेग येतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींनी अक्षर पाहून स्वतः काढले, काहींनी गिरवले, काहींनी कळफलकावर दाबले. नंतर तीच अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी. गिरवलेल्यांसाठी तसे दिसले नाही. वाकडेतिकडे का होईना, स्वतः काढलेले अक्षर मोलाचे आहे. म्हणून आमच्या ताई एखादे अक्षर दोन-तीनदाच गिरवायला देतात, तेही सुरुवातीच्या जागी जाड ठिपका आणि दिशेचा बाण देऊन. त्यानंतर कोरा कागद. दहा ओळी गिरवून घेणे आमच्या बालवाडीत बंद आहे.

रंगवण्याची गोष्ट वेगळी. रंगखडू नवा आणि लांब असला की मूल तो मुठीत धरते. दोन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत मावत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. त्यामुळे खडू मोडला म्हणून मुलाला रागावू नये. नवी पेटी आली की आमच्या ताई खडू आधीच मोडून ठेवतात. कागदही नवा नको, पाठकोरा चालतो. आपले माजी विद्यार्थी कितीतरी कार्यालयांत आहेत; रद्दीत जाणारे एका बाजूने छापलेले कागद त्यांनी शाळेकडे पाठवले, तर बालवाडीचे वर्ष निघते. रंगवायला आधी कोरा कागदच द्यावा. छापील चित्रात रेषेच्या आत रंग भरणे नंतर येते, आणि तेही रोज नसावे.

पोकळ, जाड अक्षरात रंग भरायला देण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे. तिचा उपयोग कशासाठी, हे मात्र समजून घ्यावे. पोकळ 'क' मूल वाटेल त्या दिशेने भरते, त्यामुळे लिहिण्याचे वळण त्यातून येत नाही. येते ती ओळख. म्हणून आम्ही तिचा वापर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांतील फरक ओळखण्यासाठी करतो : एका पानावर 'भ' आणि 'म' विखुरलेले, सगळे 'भ' निळे करायचे, 'म' पिवळे. पुढे 'घ' आणि 'ध', 'व' आणि 'ब'. पहिलीत गेल्यावर ज्या अक्षरांत मुले वर्षभर गोंधळतात, त्यांचा निम्मा गोंधळ येथेच रंगांत सुटतो.

आता भाषेचा प्रश्न. 'निळा' रंग घे म्हटले की धुळ्याकडचे मूल विचारते, "निया का?" अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो : काया, पिवया, डोया, केयी. 'ण'चा 'न' होतो : पानी, कोन. म्हणजे खानदेशातील अनेक मुलांच्या तोंडात जी व्यंजने नाहीत, तीही त्यांना गिरवायची असतात. ताईने येथे हसू नये आणि 'अशुद्ध' हा शब्द उच्चारू नये, ही आमची सक्त ताकीद आहे. शुद्ध-अशुद्धाचा जाच आपल्या पूर्वजांनी पाणवठ्यावर सोसला. तो आता उच्चारावरून लेकरांच्या वाट्याला येऊ नये. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. पुत्र सोपानदेवांनी जपलेली त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा खानदेशी बोलीत किती ऐवज आहे हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. भाषा त्यांच्यापाशी पूर्ण होती, नव्हते ते अक्षर. आमच्या मुलाची भाषाही पूर्ण आहे, असे धरूनच शिकवायला बसावे. 'ळ' शेवटी ठेवावा. प्रथम कानाला ऐकवावा : घरी 'काया', पुस्तकात 'काळा', दोन्ही आपलेच. सातपुड्याच्या बाजूला शिरपूर, चोपडा, यावल तालुक्यांत पावरी किंवा भिल्ली बोलणारी मुले असतात. तेथे हा विचार अधिकच आवश्यक आहे.

अक्षरांचा क्रमही वर्णमालेचा ठेवत नाही. 'अ, आ, इ, ई' हा क्रम व्याकरणाचा, उच्चारस्थानांचा. अत्यंत शास्त्रशुद्ध, पण हाताला कठीण. 'अ' आणि 'इ' ही काढायला सोपी अक्षरे नव्हेत. 'ग, म, न, भ, र' ही अक्षरे आकाराने जवळची किंवा सोपी आणि त्यांतूनच लगेच 'मन, नग, नमन, गरम, नगर, मगर' हे काना-मात्रा नसलेले शब्द तयार होतात. त्याही आधी मूल एक-दोन शब्द चित्रासारखे ओळखत असते. शाळेच्या फाटकावरचे, निळ्या झेंड्यावरचे, घराच्या भिंतीवरचे 'जय भीम' आपल्या वस्तीतील मूल अक्षर येण्याआधीच वाचते. त्यात 'ज', 'य', 'भ', 'म' ही चार अक्षरे आणि एक वेलांटी आहे. तिसरे साधन स्वतःचे नाव. प्रत्येक मुलाच्या नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी सकाळी खोक्यातून शोधून खिळ्याला अडकवायची. दोन महिन्यांत मुले एकमेकांचीही नावे ओळखू लागतात.

बाजारातून पुस्तके घेणाऱ्या पालकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दुकानांत मिळणारी कितीतरी गिरवण्याची पुस्तके हिंदी पट्ट्यात छापलेली असतात. त्यांत 'ल', 'श', 'झ' यांची वळणे हिंदीची, ५, ८, ९ हे अंकही वेगळे, आणि 'ळ' तर नसतोच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णमालेसंबंधी निर्णय काढून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच मराठी वळणे ठरवली आहेत. पुस्तक घेण्यापूर्वी एवढी अक्षरे पाहावीत. दुसरी गोष्ट चित्रांची. 'य यज्ञाचा', 'ऋ ऋषीचा', 'क्ष क्षत्रियाचा' ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्याने ती घातली त्याच्या डोळ्यांसमोर कोणाचे मूल होते, हे सांगायला हवे असे नाही. आमचा आक्षेप शिक्षक म्हणूनही आहे. मुलाने न पाहिलेली वस्तू अक्षराला आधार देत नाही. 'क केळीचा', 'क कापसाचा', 'व वांग्याचा', 'भ भाकरीचा', 'म मक्याचा' असे म्हटले, की रावेरपासून साक्रीपर्यंतचे मूल मान डोलावते. 'प पिंपळाचा' शिकवताना पान कागदाखाली ठेवून वरून आडवा रंगखडू घासला, की शिरांसकट पान कागदावर उमटते. मुलांचा हा सर्वांत आवडता खेळ आहे.

मात्र आपल्याकडील उत्साही मंडळींनाही एक सांगावेसे वाटते. महापुरुषांची चित्रे तीन वर्षांच्या मुलांना रंगवायला देऊ नयेत. मूल चेहरा हिरवा करणार, डोळ्यांवर लाल रेघोट्या ओढणार. तो त्याचा हक्क आहे. मग कोणीतरी मोठे माणूस दुखावते आणि लेकराला ओरडा बसतो. ती चित्रे भिंतीवर असावीत. रंगवायला केळी, बैल, ट्रॅक्टर पुष्कळ आहेत. तसेच डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. डावा हात अशुभ मानणाऱ्या समजुतीशी आपला काही संबंध उरलेला नाही, तरी काही घरांत पेन्सिल अजूनही उजव्या हातात कोंबली जाते.

वही दिसत नाही, मग प्रगती कशी कळायची? प्रत्येक मुलाची एक फाइल आहे. दर महिन्याला त्याने स्वतः काढलेला एक कागद तारीख घालून तीत ठेवला जातो आणि त्या चित्राविषयी ते काय बोलले, हे ताई खाली त्याच्याच बोलीत लिहून घेते. आपले बोलणे कागदावर उतरताना मूल टक लावून पाहते. बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा वाचता येते, हे त्याला तेथेच उमगते. पालकसभेत जूनचा आणि फेब्रुवारीचा कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आजी-आजोबा आले तर अधिक चांगले. ते बराच वेळ पाहत राहतात.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न उरतो. चाळीसगाव, साक्री या बाजूंची लेकरे आईबापांबरोबर बैलगाडीतून फडावर जातात आणि त्यांचे बालवाडीचे निम्मे वर्ष बुडते. १९२७ च्या हिशेबातील 'पुन्हा निरक्षरतेत' जाण्याची वाट आजही तिथूनच जाते. त्यांच्यासाठी यंदापासून निघण्यापूर्वी एक कापडी पिशवी दिली जाते. तीत मुलाच्या नावाची चिठ्ठी, लहान पाटी, खडूचे तुकडे, सात अक्षरांचे चिंचोके चिकटवलेले पुठ्ठे आणि त्याच्या फाइलमधील एक चित्र असते. आईला वाचता येत नसले तरी चालते. पुठ्ठ्यावरून बोट कोठून फिरवायचे, हे मूलच तिला दाखवते, आणि काही माता परतल्यावर स्वतःचे नाव काढायला शिकवा म्हणून सांगतात. एप्रिलमध्ये मुले परत आली, की पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे काही न सांगता कोरी पाटी ठेवली जाते. तीवर ती काय काढतात, त्यावरून पुढच्या दिवसांचे काम ठरते.